वीतभर कोरे लाकूड

वाश्तीने सातव्या खोलीची किल्ली टेबलावरून उचलली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"ही खोली पाहुण्यांना नको," ती म्हणाली. "नळ गळतोय."

नळ गळत नव्हता. पण मिस लॉरलने मान वर न करता यादीतल्या सात आकड्यावर काट मारली आणि पेन्सिलीचे टोक ओठांना लावून पुढचा विचार सुरू केला. उद्या, शुक्रवारी दुपारी, अकरा पाहुणे येणार होते. अटलांटाहून सहा, ओहायोहून पाच, आणि सगळ्यांनी एकाच गोष्टीसाठी नाव नोंदवले होते: सव्हाना शहरातल्या झपाटलेल्या घरात दोन रात्री. आल्याबरोबर खेकड्याचे सूप, संध्याकाळी कंदील घेऊन जुन्या दफनभूमीपर्यंत फेरी, शनिवारी जेवणानंतर दिवाणखान्यात गोष्टी. गोष्टी कोणत्या, ते अजून ठरत नव्हते. कप्तानाच्या बायकोच्या भुताची गोष्ट शेजारच्या हॉटेलाने आधीच उचलली होती.

मिस लॉरल वाईट बाई नव्हती. तीन वर्षांपूर्वी हे घर विकत घेतले तेव्हा तिने स्वयंपाकघर वाश्तीच्याच ताब्यात ठेवले. वाश्तीच्या मुलाच्या, कॉर्नेलच्या, अंत्यविधीला ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती आणि कबरीवर माती पडेपर्यंत थांबली होती. त्यामुळे आता आपण कुणाला काय विचारतो आहोत हे तिच्या ध्यानात आले नसावे.

"मिस वाश्ती, बावीस वर्षं झाली तुम्हाला या घरात. कधीतरी काहीतरी जाणवलं असेलच ना? छोटंसं काही. पावलं वाजल्यासारखी, कुणी दार लोटल्यासारखं?"

वाश्तीने बश्यांची चळत सरळ केली. ती सरळच होती.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही दिसत कुणी."

इतरांना दिसत होता. हेच तर होते. मे महिन्यात हायवेवर कॉर्नेल गेला, आणि जूनमध्ये नणंद बर्निसच्या स्वप्नात आला. चर्चच्या स्वयंपाकघरात उभा राहून तांबड्या भाताच्या पातेल्याची खरवड खात होता म्हणे. धुण्याची गाडी चालवणाऱ्या मिस्टर गिलियर्डना मागच्या गल्लीत त्याची शीळ ऐकू आली. समोरच्या घरातल्या लहान मुलीने त्याला पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधताना पाहिले. प्रत्येकाने हे वाश्तीला फार मायेने येऊन सांगितले, झाकलेले भांडे शेजारी पोचवावे तसे, आणि तिने प्रत्येकाचे आभार मानले. तिच्याकडे तो एकदाही आला नव्हता. स्वप्नातसुद्धा नाही. जुलैभर ती संध्याकाळी सातलाच अंथरुणाला पाठ टेकत असे, झोप जास्त मिळाली तर त्याला यायला वाट जास्त मिळेल म्हणून.

तो न येण्याचे कारण तिला ऑगस्टमध्ये सापडले. आपल्या घराच्या व्हरांड्यात शेंगा मोडत बसली असताना मान अवघडली म्हणून तिने डोके मागे टेकले, आणि वर निळे छत होते.

हा रंग तिच्या घराला दरवर्षी ईस्टरच्या आधी लागत असे. व्हरांड्याचे छत, दारांच्या चौकटी, खिडक्यांचे काठ. तिच्या आजीच्या घराला लागत होता, बेटांवरच्या आजीच्या आजीच्या घरालाही. मेलेल्यांना तो रंग पाणी वाटतो आणि पाणी त्यांना ओलांडता येत नाही, हे सांगायला कुणी कधी बसले नव्हते. मीठ खारट असते हे कुणी सांगत नाही तसे. रंग द्यायला येत असे तो थॅड, कॉर्नेलचा बाप. नऊ वर्षांपूर्वी दोघे वेगळे झाले, पण रंगकाम त्याने दुसऱ्याला करू दिले नाही. या ईस्टरला तो शिडीवर होता आणि वाश्ती खाली उभी राहून त्याच्यावर डाफरत होती. पातळ लावू नकोस. आणखी एक हात दे. फटीसुद्धा भर. त्याने दुसरा हात दिला होता, फटी भरल्या होत्या. पाच आठवड्यांनी कॉर्नेल गेला.

रंग खरवडून काढावा तर घरात लेकीचे, नियोमीचे, सात महिन्यांचे बाळ होते. वाट उघडी ठेवली की त्या वाटेने आपलाच माणूस येईल, असे थोडेच असते.

म्हणून हे घर, मिस लॉरलचे. दोन आठवड्यांपूर्वी सुतारांनी इथल्या मागच्या व्हरांड्याचे निळे छत पार लाकडापर्यंत खरवडले, तेव्हा वाश्तीला स्वयंपाकघरात चुलीशी उभे राहवेना. कॉर्नेलने सहा वर्षे याच घरात सामान वाहिले होते. सहा फूट चार इंच उंची आणि त्याला शोभतील असे खांदे. स्वयंपाकघराचे मागचे दार जुन्या काळच्या नोकरांच्या मापाचे, त्यातून तो कधी सरळ आलाच नाही, ट्रे डोक्याच्या वर धरून, एक खांदा पुढे करून आडवा होऊन आत शिरायचा आणि दर खेपेला म्हणायचा, "सरक मम्मा, जहाज येतंय." दर खेपेला ती म्हणायची की जहाजाला बंदरात भांडी घासावी लागतील.

छत कोरे झाल्यापासून ती सातच्या ऐवजी सहाला कामावर येत होती. मागचे दार दिवसभर सताड उघडे ठेवत होती. माशांबद्दल मिस लॉरल काहीबाही बोलली, ते तिने ऐकून घेतले. रोज तांबडा भात लावत होती आणि पातेल्याच्या बुडाशी खरवड तशीच राहू देत होती. दुसऱ्या दिवशी ती कडक झालेली असे, जिथल्या तिथे. चौदा दिवस झाले होते.

आणि शुक्रवारच्या आत मिस लॉरलला ते छत निळे हवे होते. पाहुणे त्याचे फोटो काढतात, आवर्जून विचारतात. पाऊस येणार, रंग वाळणार नाही, असे वाश्तीने सांगून पाहिले. आभाळ चार दिवस स्वच्छ राहिले. मंगळवारी सगळे बाहेर असताना तिने रंगाचा भरलेला डबा मागच्या गल्लीतल्या गटारात ओतला आणि रंग नासला होता असे सांगितले. मिस लॉरलने दुसरा मागवला. आज गुरुवार होता. बाहेर शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज दुपारीच आला होता, आणि सातव्या खोलीच्या खिडकीखालीच तो व्हरांडा होता. उशिरापर्यंत कॉफी लागेल म्हणून शुक्रवार-शनिवार वाश्तीने इथेच राहायचे ठरले होते. त्या दोन रात्रींसाठी तिने किल्ली खिशात टाकली होती. खिडकीखाली निळे पाणी पसरले, तर किल्लीचा काय उपयोग?

ती थंड चहाचा पेला घेऊन मागच्या दारी गेली.

थॅड शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा होता. छत जवळजवळ झाले होते. स्वयंपाकघराच्या दारावरची पट्टी तेवढी उरली होती.

"रंग नासला होता म्हणे," तो वरूनच म्हणाला. "तेहतीस वर्षं रंग लावतोय मी, वाश्ती. नासलेला रंग गटारात इतका निळाभोर दिसत नाही."

तिने पेला वर धरला. त्याने तो घेतला, अर्धा प्यायला, शिडीच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा कुंचला बुडवला.

"थॅड. दारावरची तेवढी सोड."

कुंचला डब्याच्या काठावर थांबला. का, असे त्याने विचारले नाही.

"मिस लॉरल बघेल."

"रंग संपला म्हण."

"डब्यात अजून रंग आहे, दिसतोय तिला."

"मग सांडला म्हण. काहीही म्हण. भुतं बघायला माणसं बोलावलीत तिने, आणि त्यांच्याच वाटेवर पाणी सोडायला तुला लावलंय. तिला नसेल कळत. तुला तर कळतं ना?" तिचा आवाज चढला नाही, पण शब्द एकमेकांवर आदळत होते. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. नऊ वर्षांत एकदा तरी मागितलं? एवढीच जागा. दोन दिवस. सोमवारी मी स्वतः रंगवीन."

थॅड खाली उतरला. शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला आणि खिशातल्या फडक्याने एकेक बोट पुसू लागला. रंग आधीच वाळला होता, निघत नव्हता.

"तुझ्याकडे सोडलीय मी," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या मागच्या दारावर. चौकटीच्या माथ्याला. त्याला मातीत ठेवून आलो, त्याच संध्याकाळी. तू आत बायकांत बसली होतीस. रंग काढायच्या पत्र्याने वीतभर खरवडलं. खालून दिसत नाही." तो बोटे पुसतच राहिला. "बाळ आहे म्हणून वीतभरच. पण आहे. आपण त्याला बाहेर ठेवलं, असं काही मनात धरून बसू नकोस. वाट उघडी होती त्याची. पहिल्या दिवसापासून."

हे त्याने भेट द्यावी तसे दिले होते. इतके महिने जपून ठेवलेले.

वाश्ती शिडीला धरून उभी होती. मे, जून, जुलै. तिच्या ओठांनी उघड्या वाटेचे महिने मोजले, ऑक्टोबरपर्यंत आले आणि तिथे थांबले.  थॅडने आधी तिच्या ओठांकडे पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे. आणि आपण काय दिले आणि काय काढून घेतले, ते त्याला उमगले. तो अर्धवट उठला.

"म्हणजे तसं नाही," तो म्हणाला. 

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तिने शिडी सोडली आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवला, आपल्या डोक्याच्या किंचित वर. तिथे दोन्ही बाजूंना रंग उडालेला होता. सहा वर्षे कॉर्नेलचे खांदे घासून लाकूड गुळगुळीत झाले होते. तळवा तिथे बराच वेळ राहिला.

"वीतभर?" तिने विचारले.

"हो."

"दाखव."

त्याने अंगठा आणि करंगळी ताणून हात पुढे केला. निळे डाग पडलेला, म्हातारा होत चाललेला हात. वाश्तीने त्या मापाकडे नीट पाहिले, बाजारात पाहावे तसे.

"तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली. ईस्टरला शिडीखाली उभी राहून बोलत असे, तसाच तो आवाज होता. फक्त मधे मधे तुटत होता. "एवढ्यातून येईल तो? तुझा मुलगा आहे ना? या दारातून आडवा यायचा तो, थॅड. आडवा."

थॅडने स्वतःच्या हाताकडे पाहिले. गेलेल्यांना खांदे नसतात, असे काहीतरी त्याच्या तोंडाशी आले असावे. मग त्याने मूठ मिटली.

आतून मिस लॉरलने हाक दिली. संपलं का, वाळायला किती वेळ लागेल, असे ती विचारत होती. 

थॅडने रंगाच्या डब्यावर झाकण ठेवले आणि बुटाच्या टाचेने दाबून बसवले. कमरेची मोजपट्टी काढली.

"किती कोरं लागेल?" त्याने विचारले.

वाश्ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. क्षणभर थांबून बोटेही ताणली. थॅडने पट्टीचे टोक तिच्या डाव्या मधल्या बोटाशी धरले आणि उजव्या हाताकडे सरकू लागला.

"थोडं जास्तच धर," ती म्हणाली. "ट्रे असतो हातात."