नागपंचमीची रिंगेलनाटर

नागपंचमीच्या सकाळी आजीने पाटावर गंधाने काढलेल्या नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला, आणि तनयाच्या मनाने घेतलं. चित्रातल्या नागाला दूध, मग बागेतल्या खऱ्या सापाला का नाही?

जर्मनीत, हॅनोव्हरच्या कडेला तनयाच्या घरच्यांनी एक छोटी बाग भाड्याने घेतली होती. तिथल्या कंपोस्टच्या ढिगाशी एक रिंगेलनाटर, तिकडची सापाची एक जात, उन्हाला येऊन पडायची. राखाडी अंग, मानेवर दोन पिवळ्या चंद्रकोरी. ती बिनविषारी आहे, हे आजोबांनी तनयाला कितीदा तरी सांगितलं होतं.

दुपारी आजोबा वाफ्यातलं तण काढत बसले, तशी तनया दुधाची वाटी घेऊन दबकत निघाली. चाहूल लागताच रिंगेलनाटर सरकू लागली. तनयाने पाय आडवा घालून तिची वाट अडवली आणि वाटी थेट तोंडाशी नेली. दूध सांडलं. रिंगेलनाटर फुत्कारली आणि एकदम उताणी पडली. तोंड वासलेलं, जीभ बाहेर लोंबलेली. वर कुजक्या लसणासारखी घाण सुटली.

"टोट," तनया पुटपुटली. मेली. तेही आजच्या दिवशी.

आजोबा येईपर्यंत तिचे डोळे भरले होते. "आजोबा, मी मारलं तिला. दूध पाजून."

आजोबांनी नाकाला रुमाल लावला. "वास तर पक्का मेल्याचा आहे."

"हसू नका ना."

"नाही गं. साप दूध पीत नाहीत, ही बेडूक खाते. तुझी वाटी तिला कुणाचा तरी पंजा वाटली असणार. मेलेल्याला कोण खातंय, म्हणून पडून राहिली."

"मग आता उठत का नाही?"

"आपण उभे आहोत ना इथे. चल, मागे हो."

दोघं घेवड्याच्या वेलाआड जाऊन बसली. ही आपल्याकडच्या दिवडाची, म्हणजे पाणसापाची, लांबची बहीण, असं आजोबा सांगत होते. पण तनयाचं लक्ष त्या काळ्या-पांढऱ्या पोटावर होतं. ते हलत नव्हतं. हळूहळू आजोबाही मान उंच करून तिकडेच बघू लागले.

मग लोंबणारी जीभ आत गेली. डोकं सुलटं झालं, थोडं उचललं गेलं. पाठोपाठ सगळं अंग वळलं.

"खोटारडी," तनया म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसले.

"हळू बोल. अजून बघतेय ती."

तनया आणखी मागे सरकली. ढिगाकडची वाट आता पूर्ण मोकळी होती.