महांतप्पाची तोंडी परीक्षा

कळंबच्या पेठेत सिद्रामप्पांची धान्याची आडत होती. माणूस सरळ, कपाळावर तीन बोटं विभूती आणि शब्द मोजून वापरणारा. त्यांचा थोरला मुलगा महांतप्पा मात्र जहाजावर गेला होता, आणि ही गोष्ट पेठेतल्या कुणालाच नीट उमगत नव्हती. मांजरा नदी उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडते, तिथल्या पोरानं दर्यावर जावं, हे म्हणजे रेड्यानं झाडावर चढावं तसं.

त्याला कारण झाली गावाबाहेरची जिनिंग फॅक्टरी. तिथलं वाफेचं इंजिन उस्मान मिस्त्री चालवायचे. शाळा सुटली की महांतप्पा दुकानात जायच्या ऐवजी तिकडं पळायचा. निजामाच्या राज्यात शिकला तो उर्दूतून; हिशेब, भूगोल, तवारीख, सगळं उर्दूतून. घरात मराठी, आजीशी कानडी, आणि मिस्त्रींशी दखनी. मॅट्रिक झाल्यावर मिस्त्रींनीच कानमंत्र दिला, "बेटा, हे इंजिन म्हणजे बकरीचं पिल्लू. मुंबईला जा, जहाजातला हत्ती बघ."

तो गेला. पण इंजिनाला हात लावायला मिळणं सोपं नव्हतं. आधी गोदीच्या कारखान्यात उमेदवारीची वर्षं काढायची. पहिलं अख्खं वर्ष तर कानस आणि लोखंडाचा तुकडा. चारी बाजू काटकोनात आल्या की उस्ताद तो तुकडा भंगारात फेकायचा आणि दुसरा हातात द्यायचा. मग लेथ, मग ओतकाम, मग बॉयलरच्या पोटात शिरून खपल्या काढणं. उमेदवारी संपली तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं. माणसांची टंचाई होती, म्हणून एका देशी कंपनीच्या मालबोटीवर त्याला कनिष्ठ इंजिनिअर म्हणून घेतलं. इंजिनखोलीत पाळ्या भरल्या, एडनपासून रंगूनपर्यंत पाणी कापलं. समुद्रावरची सेवा पुरेशी झाली, तशी मोठ्या परीक्षेची दारं उघडली. ती पास झाल्याशिवाय जहाजाचं इंजिन कुणी स्वतःच्या जबाबदारीवर हाती देत नाही.

गणित, वाफेचं शास्त्र, नकाशे असे सगळे लेखी पेपर महांतप्पानं पार केले. राहिली तोंडी. परीक्षक होता एक म्हातारा स्कॉच साहेब, जन्म इंजिनखोल्यांत घालवलेला. त्यानं इंग्रजीत एवढंच विचारलं, "तू पाळीवर आहेस. कंडेन्सरमधलं व्हॅक्युम पडायला लागलंय. काय करशील?"

महांतप्पानं हे काम दहादा केलेलं. त्याचे हात टेबलावर हलले, जणू तिथंच झडपा होत्या. पण तोंडात उर्दू, मराठी आणि इंग्रजी यांची अशी गर्दी झाली, की एकही शब्द दाराबाहेर पडेना. "पंप... सर... हवा..." एवढ्यावर तो थांबला.

साहेब चिडला नाही. म्हणाला, "तुझ्या हातांना येतं, ते मला दिसतंय. पण इंजिनखोलीत तू एकटा नसतोस. तेलवाले, आगवाले तुझ्या तोंडाकडं बघत असतात. त्यांना सांगता आलं नाही, तर जहाज बुडेल. बोलायला शीक आणि परत ये."

महांतप्पा पावसाळ्याच्या तोंडावर घरी आला. येडशीला छोट्या रुळाच्या आगगाडीतून उतरला, पुढं बैलगाडी. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"झालं न्हवं समाधान?" सिद्रामप्पा म्हणाले. "आता दुकानात बसा. ज्वारीचा भाव सांगायला कुणी परीक्षा घेत न्हाय."

तो बसला. गिऱ्हाईक यायचं, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकायचं आणि हसत विचारायचं, "काय दर्यावर्दी, समिंदर आटला का?" महांतप्पा मान खाली घालून तराजूकडं बघायचा. साहेबानं शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, तेच झोंबत होतं.

त्याची बायको गिरिजा उमरग्याकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतले निम्मे शब्द अडायचे आणि सगळी जावांची मंडळी हसायची. एका सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. महांतप्पा उंबऱ्यावर बसला होता.

"तुमाला सायबानं काय इचारलं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"तुला काय कळायचं त्यातलं?"

"न्हाई कळणार. म्हणूनच सांगा. मला कळलं म्हंजी सायबाला कळंल."

तो हसला. पण काहीतरी बोलायचं म्हणून सांगू लागला. "वाफ इंजिनातून बाहेर पडली की कंडेन्सरमध्ये जाते..."

"कंडेन्सर म्हंजी?"

"म्हणजे... एक डबा. आत नळ्या. नळ्यांतून समुद्राचं गार पाणी जातं. वाफ नळ्यांना लागली की तिचं परत पाणी होतं."

"भाताच्या झाकणीला घाम येतो, तसं?"

महांतप्पा थबकला. "व्हय. तसंच."

"मग पुढं?"

"वाफेचं पाणी झालं की जागा मोकळी होते, आत पोकळी तयार होते. ती पोकळी इंजिनाला ओढायला मदत करते. पोकळी कमी झाली तर..."

"कशानं कमी झाली?"

आणि इथं त्याची गाडी अडली. कारणं त्याला सगळी ठाऊक होती, पण ती एका गठ्ठ्यात होती. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे त्यानं कधी शब्दांत लावलंच नव्हतं. गिरिजा भाकरी उलटत थांबली होती. ती सोडणारी नव्हती. "एकेक सांगा. आधी काय बघता?"

"आधी... गार पाण्याचा पंप चालतोय का, ते."

"मग?"

"मग हवा कुठून आत शिरतीय का."

"कशी कळती?"

"मेणबत्ती धरायची सांध्यापाशी. ज्योत आत ओढली गेली, की तिथं फट."

"आता मला समजलं," ती म्हणाली. "पर तुमी मधीच 'ते हे' म्हनता. 'ते हे' म्हंजी काय, ते सायबाला कुठं दिसतंय?"

त्या दिवसापासून रोज सकाळी चुलीपुढं हीच शाळा भरू लागली. गिरिजाचे प्रश्न साधे असायचे आणि त्यातून सुटका नसायची. बोलणं बॉयलरवर आलं तेव्हा तिनं ठासून सांगितलं, "पाणी कमी झालं तर वतायचं. त्यात काय परीक्षा?"

"न्हाई! आतलं लोखंड तापून लाल झालं असलं आणि त्यावर पाणी सोडलं तर काय होतं? कोरड्या, तापल्या तव्यावर पाणी टाकून बघ."

तिनं तवा तापवला आणि चुळकाभर पाणी टाकलं. पाणी फटकन उडून तिच्या हाताला चटका बसला. "आई गं," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसत सुटले. सिद्रामप्पा ओसरीवरून ओरडले, "काय चाललंय सकाळच्या पारी?" पण त्यांनी शाळा बंद केली नाही. एक-दोनदा तर ते दाराआड उभे राहून ऐकताना गिरिजाला दिसले.

मराठीत घडी बसली, तशी इंग्रजीची पाळी आली. शाळेतले अण्णाराव मास्तर इंग्रजी शिकवायचे. इंजिन कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाक्य कसं उभं राहतं ते पक्कं ठाऊक होतं. महांतप्पा चुलीपुढं जे मराठीत बोलायचा, तेच संध्याकाळी मास्तरांपुढं इंग्रजीत. मास्तर एकच दंडक लावायचे. "वाक्य सुरू केलंस तर पुरं कर. अर्ध्यात सोडलेलं वाक्य म्हणजे अर्ध्यात सोडलेली गाडी."

दिवाळी सरली, कापूस आला आणि जिनिंगचा हंगाम सुरू झाला. उस्मान मिस्त्री आता थकले होते. त्यांनी महांतप्पाला बोलावलं. "हंगामाला हाताशी ये. दुकानात बसून गंज चढंल तुला."

सिद्रामप्पांनी तराजू स्वतःच्या हाती घेतला. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

एका दुपारी मिस्त्री थंडीतापानं घरी पडून होते आणि इंजिन महांतप्पाच्या हवाली होतं. तो तेल घालून बॉयलरकडं आला आणि त्याचं लक्ष आतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडं गेलं. काच रिकामी होती. पाण्याची रेघ कुठंच नव्हती. त्यानं खालची तपासणीची तोटी उघडली. तिच्यातूनही नुसती कोरडी वाफ फुसफुसली. पाणी घेणाऱ्या पंपाच्या जाळीत गाळ आणि सरकीचा केर बसला असणार, आणि किती वेळ हे असं चाललं होतं कुणास ठाऊक. आगीवर दगडोबा आणि बलभीम होते. दगडोबा घाबरला. तो पंपाकडं धावला. "पाणी सोडतो मालक!"

"पाण्याला हात लावू नको!" महांतप्पा गरजला. त्याचा आवाज यंत्रांच्या खडखडाटावरून गेला. "दगडोबा, मागं ये. ओली राख टाक आगीवर. सगळी आग झाकून टाक. बलभीम, धुराड्याची झडप लाव. पुरती. बाकीच्यांनी बाया-पोरं घेऊन बाहेरच्या वडाच्या पलीकडं जा. पळू नका, चाला."

फॅक्टरीच्या मालकाचा कारभारी धावत आला. "इंजिन बंद करा! वाफ सोडून द्या!"

"इंजिन चालतंय तसं चालू द्या. ते वाफ हळूहळू पीत राहील. एकदम काही बंद करायचं नाही, एकदम काही उघडायचं नाही. तुम्हीही वडापलीकडं जा."

कारभाऱ्यानं आयुष्यात असा हुकूम ऐकला नव्हता. तो गुमान गेला. दगडोबा फावड्यानं राख टाकत होता, मधेच पंपाकडं बघत होता, पण महांतप्पा शेजारी उभा राहून एकेक गोष्ट सांगत होता, म्हणून तो टाकत राहिला. आग काळी पडली. दाबाचा काटा खाली सरकू लागला. इंजिन मंदावलं, धापा टाकल्यासारखं झालं आणि आपोआप थांबलं. सगळीकडं शांत झालं. वडाखालच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

बॉयलर थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्री अंगावर कांबळं ओढून आले. आत शिरून त्यांनी पत्रे पाहिले. एकही वाकला नव्हता. बाहेर येऊन त्यांनी महांतप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "पाणी सोडलं असतं, तर ही फॅक्टरी बी न्हवती आन् ही माणसं बी न्हवती. आता जा. सायबाला सांग, उस्मानचा शागीर्द आलाय."

त्या संध्याकाळी सिद्रामप्पा स्वतःच म्हणाले, "चैत सरायच्या आत जाऊन या. दुकान म्या बघतो."

मुंबईत तोच साहेब होता. त्यानं ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. "एक बेअरिंग तापतंय," तो म्हणाला. "काय करशील?"

महांतप्पानं एक श्वास घेतला आणि पहिलं वाक्य सुरू केलं. पुरं केलं. मग दुसरं. आधी हात लावून किती तापलंय ते बघीन, मग तेल पोचतंय का ते. तेलवाल्याला तिथंच उभं करीन, वर कप्तानाला कळवून वेग कमी करायला सांगीन.

"आणि कप्तान नाही म्हणाला तर?"

"तर पुन्हा सांगेन, सर. आत्ता थोडं हळू गेलो नाही, तर नंतर भर समुद्रात उभं राहावं लागेल, असं सांगेन."

साहेबाच्या मिशा हलल्या. त्यानं प्रश्नांची सरबत्तीच लावली. पंप, झडपा, कोळशाच्या कोठारातली आग, पाणी शिरलेला तळ. महांतप्पा पायरी पायरीनं उत्तरं देत गेला. मधेच साहेबानं विचारलं, "बॉयलरच्या काचेतलं पाणी दिसेनासं झालेलं तू कधी डोळ्यांनी पाहिलंयस?"

"हो सर. कळंबला."

"कळंब? कुठलं बंदर हे?"

"बंदर नाही सर. आमच्याकडं नदीसुद्धा अर्धं वर्ष कोरडी असते."

साहेब खुर्चीत मागं रेलला. "सांग मग."

महांतप्पानं सांगितलं. राख, झडप, वड, कारभारी, सगळं. साहेबानं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तो उठला आणि त्यानं हात पुढं केला. "माझ्या जहाजावर असा माणूस असता, तर मी सुखानं झोपलो असतो. पास झालास तू, मिस्टर महांतप्पा."

तो येडशीला उतरला तेव्हा चैत्र पुनव होती. येडाई देवीच्या जत्रेला निघालेल्या गाड्यांनी रस्ता भरला होता, आणि त्यातल्याच एका गाडीत जागा मिळाली. कळंबला पोचेपर्यंत बातमी पुन्हा त्याच्या पुढं गेली होती. पेठेत उस्मान मिस्त्री पेढे घेऊन उभे होते. अण्णाराव मास्तरांनी भर रस्त्यात इंग्रजीतून शाबासकी दिली आणि ती कुणालाच न कळल्यामुळं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिद्रामप्पा गादीवरून उठून दुकानाच्या पायऱ्या उतरले. मुलाला सामोरं जायला ते कधी उतरले नव्हते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास, अप्पा."

त्यांनी त्याच्या कपाळावर विभूती लावली. मग पेठेकडं वळून म्हणाले, "आन् ह्याची मास्तरीण आत हाय. पेढा तिला आधी द्या."

गिरिजा दाराआडून पुढं आली. ओठ हसत होते आणि डोळे भरले होते. जावा आता तिच्या मराठीला हसत नव्हत्या.

पावसाळ्याआधी बोट सुटायची होती. सिद्रामप्पा आणि गिरिजा मुंबईला पोचवायला आले. धक्क्यावर उभं राहून सिद्रामप्पांनी पाण्याकडं बराच वेळ पाहिलं. "लई हाय की," एवढंच ते म्हणाले. महांतप्पा दोघांच्या पाया पडायला वाकला, तर गिरिजा लाजून मागं सरली. "मला कशाला? जावा, उशीर हुईल."

तो बोटीवर चढला आणि शिडी उतरून खाली इंजिनखोलीत गेला. तेलवाले आपापल्या जागी उभे होते, आगवाल्यांनी भट्ट्यांची दारं उघडून धरली होती, आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. वरून घंटा झाली. महांतप्पानं स्वच्छ, मोकळ्या आवाजात हुकूम दिला. झडप उघडली, मोठा दांडा हलला, आणि पायाखालचं सगळं लोखंड जिवंत झालं.