कमरेची दोरी

बारक्याने कमरेभोवती दोरीचे दोन वेढे घेतले आणि गाठ ओढून पाहिली. वजन नव्वद किलो, डोक्यावर टक्कल, तरी घरात अजून त्याला बारक्याच म्हणत. दोरीचं दुसरं टोक ताईने पॅडलबोर्डच्या पुढच्या कडीला बांधलं. हवा भरून फुगवायची, वर उभं राहून वल्हवायची ती फळी. पंप मारून मारून ताईचे दंड भरून आले होते.

“बाबा, नीट विचार करा,” बारक्या म्हणाला. “आठ दिवसांवर गुडघ्यांचं ऑपरेशन आलंय.”

“म्हणूनच आज,” बाबा म्हणाले आणि लाइफ जॅकेटचे बंद चौथ्यांदा आवळले.

बाबांचा जन्म खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्यात गेला. पाण्याला ते मांजरासारखे भीत. तरी दर उन्हाळ्यात डोंगरातल्या या तळ्याकाठी तंबू ठोकायचा नेम त्यांनी तीस वर्षं चुकवला नाही, कारण आईला पाण्याचं वेड. तिच्यासाठी त्यांनी एका जुन्या दाराखाली झाकणबंद डबे बांधून तराफा केला आणि दुकानातली सुतळी वळून ही लांबलचक दोरी. एक टोक तराफ्याला, दुसरं स्वतःच्या कमरेला. आई परत येईपर्यंत ते घोटाभर पाण्यात खांबासारखे उभे राहत. स्टोव्हवर चहा आटून जाई, पण ते हलत नसत. तळ्याच्या मध्यावर पोचली की आई त्यांच्याकडे बघून हसायची. काय सुंदर दिवस होते ते. आईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बाबा पुढे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले, ताई मागे गुडघ्यांवर बसून वल्हवू लागली. मध्यावर आल्यावर तिने वल्हं आडवं ठेवलं. काठावरचा तंबू पाण्यात उलटा दिसत होता.

“इथूनच हसायची ना ती?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“आणि इथे आल्यावर गाठ सोडायची. टोक नुसतं बोटांत धरायची.”

ताई दचकली. “तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, सगळा जन्म दोरा ओढण्यात गेला. पलीकडे दोरी बांधलीय की सुटलीय, ते हाताला कळतं.” बाबा काठाकडे बघत होते. “वाटायचं, वर्षभर माझी कटकट ऐकते, इथे तरी तिला घटकाभर सुटका हवी असेल. म्हणून विचारलं नाही कधी. ती परत बांधून यायची, मीही काही कळलं नाही असं दाखवायचो.”

तीस वर्षं हे एवढं मनात ठेवून हा माणूस पाण्यात उभा राहिला होता. ताईला भडभडून आलं.

“सुटका कसली, बाबा. मी आठ वर्षांची होते, तेव्हा आईने मला इथेच शपथ घातली होती तुम्हाला न सांगण्याची. ती म्हणायची, मी पडले तर पोहत काठाला लागेन, पण दोरीला हिसका बसून हे आत ओढले गेले तर? यांना हातसुद्धा मारता येत नाही. आणि कळलं तर मला गाठ सोडू देणार नाहीत.”

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग त्यांनी बारक्याकडे बोट केलं. तो घोटाभर पाण्यात पाय फाकून, दोरी पोटाशी धरून उभा होता.

“मी अस्सा दिसायचो?”

“डिट्टो.”

बाबांना हसू फुटलं. फळी डुगडुगली, तरी ते हसतच राहिले आणि मग त्यांनी बाहीने डोळे पुसले.

“यालाही पोहायला शिकवायचं राहूनच गेलं,” ते म्हणाले.

ते हळूच पुढे वाकले. सुतळीची गाठ त्यांच्या बोटांना ओळखीची होती, ती लगेच सुटली. टोक त्यांनी दोन बोटांत सैल धरलं.

काठावर बारक्याने मान खाली घालून दोरीकडे पाहिलं. मग वर त्यांच्याकडे पाहिलं. दोरी पुन्हा पोटाशी घट्ट धरून तो होता तिथेच उभा राहिला.

बाबांनी त्याला हात केला.