किल्लीवाल्यासमोर

बत्तीस घरं, बत्तीस फॉर्म, आणि उत्तर एकच: सीमा बंद ठेवा. साहेबांनी गठ्ठा टेबलावर आपटला आणि, हे घरी बसून भरलेत का, असं तोंडावर विचारलं. उद्यापर्यंत पटवून द्या, नाहीतर फॉर्मबरोबर तुम्हीही घरी.

शेजारच्या देशात युद्ध पेटलं होतं. पळून येणाऱ्यांना आत घ्यावं की नाही, हे सरकार लोकांना विचारून ठरवणार होतं आणि विचारायचं काम पाहणीवाल्या ताईंकडे होतं. ताईंनी प्रत्येक दार स्वतः वाजवलं होतं. तेव्हा त्या बत्तीस घरांच्या इमारतीला कुणीतरी पढवलंय, यात त्यांना शंका नव्हती. तिथल्या वकिलाने? की त्या गोडबोल्या दंतवैद्याने?

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो गठ्ठा आणि कोरे फॉर्म घेऊन त्या एकट्याच गेल्या. वॉचमनकाका जेवायला गेले होते. आदल्या दिवशी कुत्र्यांच्या भीतीने ताईंनी त्यांना दारोदार सोबत नेलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने दार बोटभर उघडलं, आधी जिना न्याहाळला, मग म्हणाली, येऊ द्या बिचाऱ्यांना.

"अहो, काल तर उलटं सांगितलंत!"

"काल पाठीशी कोण उभं होतं तुमच्या? आमच्या घरांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्यासमोर मन उघडू? दिवसभर त्या लोकांना शिव्या घालणारी भाषणं लावून बसतो तो."

ताई पुन्हा सगळी दारं फिरल्या. कुणी हो म्हणालं, कुणी नाही, एकाने बायकोकडे बोट दाखवलं. आता कुठे फॉर्म माणसांचे वाटायला लागले.

खाली उतरल्या तर काका फाटकात, रेडिओ दणाणतोय.

"परत कशाला गेला होतात वर?"

ताईंनी एक कोरा फॉर्म पुढे केला. "तुमचाच फॉर्म राहिला होता, काका," त्या म्हणाल्या, आणि तेही खरंच होतं.

काकांनी आवाज आणखी वाढवला आणि ते ताईंच्या कानाशी वाकले. "येऊ द्या त्यांना. माझी बहीण तिकडे दिलीय, ताई. पण वर कुणाला बोलू नका. सगळे कट्टर आहेत, काल ऐकलंत ना? हा रेडिओ त्यांच्यासाठीच लावतो मी."

फॉर्मवर तळाशी एक रकाना असतो: मुलाखतीच्या वेळी हजर इतर व्यक्ती. काल ताईंनी तो बत्तीस वेळा कोरा सोडला होता. फाटकातल्या बाकावर बसून त्यांनी कालच्या एकेका फॉर्मवर लिहिलं: वॉचमन, मी आणलेला. चूक आपलीच; साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

तेहेतिसाव्या, काकांच्या फॉर्मशी त्या जरा थबकल्या. मग लिहिलं: रेडिओ.

दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला. काकांनी आवाज आणखी एक घर वाढवला.