वेदिकाच्या दाखल्याचं गाऱ्हाणं

ऋत्विक सर पहिल्यांदा घरी आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी नात वेदिका रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, खो-खो खेळते. हे सर खेडकडच्या कॉलेजाचे खो-खोचे प्रशिक्षक. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात वेदिकाच्या संघाने त्यांना हरवलं होतं. आणि तेच आता खेळायचे नवे बूट घेऊन दारात उभे. बूट तिला बरोब्बर बसले. माप कुणी सांगितलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"आमच्या कॉलेजात आली तर हॉस्टेल फुकट, जेवण फुकट," सर म्हणाले. "फक्त दाखला या आठवड्यात काढा. नियमाचं मी बघतो."

माझा मुलगा, वेदिकाचा बाप महिपत, खेडजवळ लोट्याला कंपनीत आहे, सुट्टीला घरी येतो. लेक आपल्याजवळ येणार म्हणून तो हरखला.

"आये, रविवारी मी तिला डोळ्यांनी बघेन तरी," तो म्हणाला.

"नियमाचं काय बघतो म्हणाले ते?"

"तू सगळ्यांवरच संशय घेतेस."

घेते. माझा भाऊ रामा हुतुतू असा खेळायचा की कातळावर त्याच्या मागे धुरळा उठायचा. मुंबईच्या एका गिरणीने त्याला नोकरी देऊन नेला. आम्ही पोरींनी एस.टी.मागे पळत टाळ्या वाजवल्या होत्या. पण गिरणीने त्याला मैदानात उतरवलाच नाही. तो दुसऱ्या संघातून खेळू नये, एवढंच त्यांना हवं होतं. रामा परत आला तेव्हा ढेरी सुटली होती.

वेदिकाचा जीव यंदाच्या स्पर्धेत अडकला होता. तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडतात. गेल्या वर्षी निवडीच्या आधीच घोटा मुरगळला आणि संधी गेली.

आमच्याकडे घरातलं माणूस गाव सोडून जायचं तर आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. गुरव एकेक वाक्य म्हणतो आणि देवळातल्या प्रत्येकाने 'होय महाराजा' म्हणायचं. मी सरांना निरोप धाडला, मुलगी तुमच्या हाती देतोय, तुम्हीही या. ते आले, पण मोटारसायकल परतीच्या वाटेकडे तोंड फिरवून लावली.

आप्पा गुरवाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, गोलगोल म्हणू नकोस.

"बा देवा महाराजा," आप्पाने सुरुवात केली, "ही महिपताची लेक परमुलखात शिकाया जातेय, तिची राखण कर."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. सरही म्हणाले, जरा मोठ्यानेच.

"तिचा दाखला नव्या जागी सुखाने लागूंदे."

"होय महाराजा."

"आणि यंदाच्या स्पर्धेत ती नव्या कॉलेजातून मैदानात उतरूंदे."

"होय महाराजा." मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले नाहीत.

आप्पाही थांबला. "सरांचा होय ऐकू नाय आला."

"असं कसं म्हणणार," सर घाम पुसत म्हणाले. "वर्षाच्या मध्ये कॉलेज बदललं की त्या वर्षी खेळता येत नाही. पुढल्या वर्षी नक्की."

"यंदा परत जुन्या कॉलेजातून?" वेदिकाने विचारलं.

"दाखला काढल्यावर तिथलं नाव कमी होणार ना."

"म्हणजे यंदा कुठूनच नाही."

"मग सर, तुमचा फायदा काय?" महिपत म्हणाला.

सर खिशातली किल्ली चाचपू लागले. वेदिकाच म्हणाली, "बाबा, यंदा मी त्यांच्यासमोर नसणार. आणखी काय हवं?"

काशी, माझी जाऊ, पदराआडून हसली. "देवासमोर लबाडी केली नाय, तेवढं तरी पदरात घाला त्यांच्या."

आप्पाने गाऱ्हाणं फिरवलं. "लेक आहे तिथूनच खेळूंदे, महाराजा."

आम्ही होय म्हटलं. महिपतचा होय जरा मागाहून आला.

वेदिका सरावाला उशीर होईल म्हणून तिथूनच एस.टी. पकडायला पळाली. मी पायऱ्या उतरत होते, तर मोटारसायकलपाशी सर महिपतच्या कानाशी लागलेले. मी जवळ गेले तशी त्यांनी गाडी सुरू केली.

"काय सांगत होते?" मी विचारलं.

"काही नाय गो आये."

"तरी?"

"जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी बदललं तर नियम आड येत नाही, असं म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

महिपत चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.