चव्वेचाळीस नंबरची खेळाडू

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे सरका. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. गोष्ट चमत्काराची आहे, आणि तो चमत्कार भर हॉलमध्ये, दिवसाढवळ्या, दोनशे माणसांसमोर कसा ओलाचिंब लोंबत राहिला, त्याची आहे. हसू आलं तर खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत उठू नका.

तर त्या रविवारी सकाळी आमच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सामना नव्हता, बरं का! सामन्याला एरवी चाळीस माणसं येतात, त्यातली दहा पंख्याखाली डुलकी काढायला. त्या दिवशी आकडेबुवा येणार होते. खेळाडूचं तोंड न बघता खेळाडूची किंमत सांगतात, अशी त्यांची ख्याती.

बुवा आले. पांढरा कोट, खिशात चार रंगांची पेनं, हातात लाल ठिपका पाडणारी काडी, काखेत लॅपटॉप. आपल्या संघाच्या वर्षभराच्या गुणपत्रिका त्यांनी आधीच मागवून त्यात भरल्या होत्या.

"मी सामना बघत नाही!" बुवा गरजले. "का बघत नाही? बघितलं की डोळा मोहात पडतो. अमकी छान पळते, तमकी गोड हसते. माया आहे सगळी! अंकाला डोळे नाहीत, म्हणून अंकाला माया नाही. अंक खातो का?"

"नाही!" हॉल ओरडला.

"अंक झोपतो का?"

"नाही!"

"अंकाला मेहुणा असतो का?"

"नाऽही!"

"मग अंक खोटं कशाला बोलेल?"

या बिनतोड मुद्द्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची कबुतरं उडाली.

बुवांचा हिशेब साधा होता. एखादी खेळाडू मैदानात असताना आपले गुण किती झाले, त्यातून समोरच्यांचे किती झाले ते वजा करायचे; उरला तो तिचा मूल्यांक. यात तशी खोट नाही. मोठमोठे जाणकारही अशाच बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करतात. सुरुवात, असं म्हणालो मी. बुवा तिथेच संपत.

"आता ऐका," बुवांनी आवाज खाली आणला. "सात नंबर. पॉइंट गार्ड. वर्षाचा मूल्यांक..." लाल ठिपका पडद्यावर थरथरला. "वजा अकरा!"

हॉलमध्ये कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

सात नंबर म्हणजे आमची वहिनी. पॉइंट गार्डचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चेंडू पुढे न्यायचा, कुणी कुठे उभं राहायचं ते सांगायचं, योग्य हातात योग्य वेळी चेंडू द्यायचा आणि बास्केट झाली की कौतुक दुसरीचं होऊ द्यायचं. थोडक्यात, भरल्या घरातली थोरली सून. म्हणून तिला सगळे वहिनीच म्हणत. वय तेहतीस. दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी सहाला बूट घालून हॉलमध्ये हजर. येत्या शनिवारी अंतिम सामना. सोळा वर्षं खेळून तिच्या नशिबात आलेला हा पहिला अंतिम सामना, आणि गुडघे बघता बहुधा शेवटचा.

"मग खेळवायचं कुणाला?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना. माणूस मनानं मऊ, पण जो शेवटचा टेकेल त्याच्या आकाराचा होणारा.

बुवांनी डोळे मिटले. "तुमच्याच घरात हिरा आहे, तुम्हाला दिसत नाही. माझ्या यंत्राला दिसला. नंबर चव्वेचाळीस! वर्षभरात साठ वेळा मैदानात उतरली. ती असताना समोरच्यांची बास्केट एकही नाही. एकही! फाऊल शून्य, चेंडू गमावणं शून्य. असा बचाव मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

"पण आपल्याकडे चव्वेचाळीस नंबरची जर्सीच नाही," प्रशिक्षक चाचरत म्हणाले.

"जर्सी शिवा," बुवा म्हणाले. "खेळाडू येईल!"

झालं! गावाला वेड लागायला एवढं पुरे. अध्यक्षांनी जर्सी शिवायला टाकली आणि वहिनीचं नाव संघातून खोडलं. सोमवारपासून बुवांच्या खोलीपुढे रांग लागली. ज्याला त्याला आपला मूल्यांक हवा. न्हावी निघाला अधिक आठ, कारण त्याच्याकडून माणसं हसत बाहेर पडतात. दातांचे डॉक्टर वजा पाच, कारण त्यांच्याकडून गाल धरून. डॉक्टरांचा कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे नोकरी मागायला गेला. एका गृहस्थानं लग्न मोडलं, एकानं जुळवलं, आणि दोघांनाही आकडा एकच मिळाला होता.

वहिनीच्या घरी तर विचारू नका. सासूबाई अधिक सहा ठरल्या होत्या.

"आमटी खारट झालीय गं, वजा अकरा!"

"आई, मीठ तुम्हीच घातलंत."

"मी कशी घालीन खारट? मी अधिक सहा आहे."

नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो ताटात बघून म्हणाला, "आई, असू दे ना."

"तू बोलू नकोस. तुझा काढायचाय अजून."

वहिनी उठली. तिनं बूट पुसले, आत वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि माळ्यावर टाकले. माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या घरांत परत खाली येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू?

हे गणिताच्या बाईंना कळलं तेव्हा त्यांचा संताप झाला. बाई शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतात आणि प्रत्येक सामन्याला दुसऱ्या रांगेत स्वेटर विणत बसतात. "आकड्यांची बदनामी चाललीय," त्या म्हणाल्या, जणू कुणी त्यांच्या माहेराला नावं ठेवली होती. त्यांनी अध्यक्षांकडून मूळ गुणपत्रिका आणल्या, दोन दिवस चष्मा काढला नाही, आणि शुक्रवारी त्या नोंदवाल्या काकांकडे जाऊन आल्या. काका निवृत्त पोस्टमन. गुणपत्रिका पेन्सिलीनं लिहिणारे तेच. बाई त्यांच्याकडून निघाल्या त्या पदर तोंडात कोंबूनच, असं शेजारी सांगतात.

शनिवारी दुपारी तीनला चव्वेचाळीस नंबरच्या सत्कारासाठी हॉल पुन्हा ठेचून भरला. पाचला सामना. टेबलावर नवी कोरी जर्सी, वर हार. सासूबाई पहिल्या रांगेत. शेजारी वहिनी, धोबीखान्यातून तशीच आलेली, बाहीला स्टार्चचा वास.

बाई उभ्या राहिल्या. "बुवा, या चव्वेचाळीसचं थोडं वर्णन कराल? म्हणजे आम्हाला ओळखता येईल."

बुवा खूष. कपाळाला दोन बोटं लावून म्हणाले, "अंकांतून रूप दिसतंय मला. उंच आहे. सडपातळ. एकदम सडपातळ!"

"केस?"

"मोकळे. भरपूर. घामानं ओलेचिंब."

"चाल कशी आहे?"

"सळसळती! मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि जाते तिथली घाण साफ करते."

काका खुर्चीत गुदमरल्यासारखे खोकले.

"आणि ती मैदानात असताना आपले गुण किती झाले?" बाईंनी विचारलं.

बुवांनी पडद्याकडे चोरून पाहिलं. "शून्य. पण तो सोबतिणींचा दोष."

"असं? चव्वेचाळीसच्या वेळी दोष सोबतिणींचा, आणि सातच्या वेळी दोष सातचाच?"

"बाई, हे सूक्ष्म शास्त्र आहे, तुम्हाला..."

"काका, उठा आता," बाई म्हणाल्या. "तुमचं सूक्ष्म शास्त्र सांगा."

काका उठले, टोपी काढली. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या संघानं तक्रार केली की आपली फरशी घामानं निसरडी असते. तेव्हापासून खेळ थांबवून फरशी पुसली की मी नोंद करतो. पण पत्रिकेत त्याला रकाना नाही. म्हणून 'मैदानात कोण आलं' त्या रकान्यात मी मॉपचं चित्र काढतो. फरशीवाल्या मावशी मॉप सुकायला उलटा उभा करतात ना, तसाच. खाली कडी, वर दोन झिपऱ्या." त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर काढलं:

४

"दोन्ही टोकं पुसून झाली," काका म्हणाले, "की दोन काढतो." आणि शेजारी आणखी एक काढला.

४४

तेवढ्यात बाजूचं दार ढकलून फरशीवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. सामन्याआधी पुसायची त्यांची वेळ झाली होती. दोनशे माणसांनी मावशींच्या हाताकडे पाहिलं. उंच. एकदम सडपातळ. केस मोकळे, ओलेचिंब.

"काय हो?" मावशी दचकल्या. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "या बाईंचा सत्कार आहे."

"बाई कुठली? मॉप आहे हा."

आणि मग जे हसू फुटलं म्हणता! प्रशिक्षक तर जमिनीवरच बसले. अध्यक्ष मात्र हार हातात घेऊन उभे. माणूस मऊ, बुवांच्या आकारातून अजून सुटला नव्हता. "पण बचाव तर खरंच शंभर टक्के आहे," ते पुटपुटले. "मॉपला खेळवायला नियमाची आडकाठी आहे का?" मागून एक भाविक ओरडला, "निदान राखीव तरी ठेवा!" आणि एक आजीबाई उठून मॉपला नमस्कार करायला निघाल्या, मावशींनी मॉप पाठीमागे लपवला.

"अहो, खेळ थांबलेला असताना बास्केट होईलच कशी?" बाईंचा आवाज चढला. "काका त्या वेळी सगळ्या चौकटींत शून्य घालतात. खेळ बंद, म्हणून शून्य! बुवांनी एक सामना डोळ्यांनी बघितला असता, नाहीतर काकांना एकदा विचारलं असतं, तरी कळलं असतं."

"मला कुणी विचारलंच नाही," काका म्हणाले.

"आकडा खोटा नव्हता," बुवा ओरडले.

"नव्हताच. तो बिचारा खरंच बोलत होता, की फरशी साठ वेळा पुसली. तुम्ही ऐकलं भलतंच." बाई वळल्या. "आता वहिनीचा आकडा. तोही खरा आहे. वजा अकरा. पण कुणाबरोबर? थोरल्या चौघी दमल्या की प्रशिक्षक त्यांना बसवतात आणि चार नवख्या पोरी उतरवतात. त्यांना सांभाळायला दर वेळी कोण? वहिनी. तेव्हा आपण दर दहा मिनिटांना तीन गुणांनी मागे पडतो. त्याच चौघींबरोबर, त्याच संघांविरुद्ध दुसरी पॉइंट गार्ड असते तेव्हा? नऊ गुणांनी! ती दुसरी एरवी थोरल्यांबरोबर खेळते, म्हणून तिचा आकडा गोरापान. दातांच्या डॉक्टरांकडून माणसं गाल धरून निघतात, कारण ती गाल धरूनच आलेली असतात. दाढ दुखली तर न्हाव्याकडे जाल का?"

डॉक्टरांनी आठवड्यात पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणजे वहिनी दर दहा मिनिटांना सहा गुण वाचवते," प्रशिक्षक हळूच म्हणाले.

"सामने थोडे आहेत, तेव्हा सहाचे चार असतील नाहीतर आठ. मी बुवा नाही, छातीवर हात मारून सांगणार नाही. पण जेवढं मोजलंय ते इथं कागदावर आहे. कुणीही तपासा, चूक काढा."

हेच ऐका, मंडळी. बुवा म्हणाले होते, विश्वास ठेवा. बाई म्हणाल्या, चूक काढा. खरं आणि सोंग ओळखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

बुवा लॅपटॉप काखेत मारून निघाले आणि मावशींनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून दारापर्यंत घसरतच गेले.

अध्यक्षांनी सात नंबर पुन्हा यादीत लिहिला. वहिनी उठली, आणि तिच्या लक्षात आलं, बूट माळ्यावर. तेवढ्यात सासूबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. आत बूट.

"आई! तुम्ही माळ्यावर चढलात?"

"सकाळीच चढले. स्टूल डुगडुगत होतं." सासूबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "मूल्यांक-बिल्यांक ठीक आहे गं. पण गेला आठवडाभर संध्याकाळी सहाला तू घरात नुसती बसायचीस. मला बघवेना. घाल लवकर."

सामना आपण दोन गुणांनी हरलो. जिंकलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, वहिनीचा चमत्कार! म्हणून जसं घडलं तसं सांगतो. नवख्या पोरी उतरल्या तेव्हा आपण सातनं पुढे होतो, त्या बसल्या तेव्हा पाचनं. त्या मधल्या दहा मिनिटांत वहिनीनं स्वतः एकही बास्केट केली नाही; अकरा वेळा नेमका चेंडू दिला, आणि त्यातले सात पोरींनी चुकवले तरी एकीवरही डोळे वटारले नाहीत. शेवटी थोरल्यांचे पाय थकले. हरलो.

देवानं डोळे दिले आहेत ते मिटून त्याचं नाव घ्यायला, आणि उघडून कागद वाचायलाही. एक केलं की दुसरं बाटतं, असं कुठल्याही संतानं सांगितलेलं मी ऐकलं नाही. कुणी माणसाची किंमत एका आकड्यात सांगू लागला, तर विचारा: कसं मोजलं? कुणाबरोबर मोजलं? आणि ज्यानं लिहिलं, त्याला भेटलात का?

आता एक शेवटचं. बुवा गडबडीत काही कागद विसरले होते. त्यात आमच्या आधी बुवा ज्या गावी गेले होते, तिथला अहवाल निघाला: पॉइंट गार्ड, नंबर बारा, वजा नऊ, संघातून काढली. वहिनीनं त्या क्लबला पत्र लिहिलं, बाईंचा हिशेब जोडून. उत्तर आलं, दोन ओळींचं: ती आता खेळत नाही, हॉलकडे फिरकतही नाही. तिच्या गावात कुणी उठून प्रश्न विचारला नाही, एवढंच. तिचं नाव अहवालात नव्हतं, पत्रातही नव्हतं. घरी जाल तेव्हा, मंडळी, त्या बारा नंबरच्या मुलीची आठवण ठेवा.