सहावं रीळ

आमच्या थिएटरात दर बुधवारी दुपारी एखादा जुना, प्रेमाचा विनोदी सिनेमा लागायचा. तोही कुणी नाव न ऐकलेला. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचा तो हट्ट होता. "गाजलेल्या सिनेमात दोघं शेवटी एकत्र येणार हे पोस्टरवरच कळतं," तो म्हणायचा. "इथं जीव टांगणीला लागतो."

त्याचा सगळ्यात लाडका सिनेमा एका घड्याळजीचा आणि पियानो शिकवणाऱ्या बाईचा. सिनेमाभर दोघं एका बिघडलेल्या घड्याळावरून भांडतात. रिळं सहा, आमच्याकडे पाचच. पाचवं संपतं तेव्हा बाई त्याच्या दाराची बेल वाजवायला हात वर करते. मग ऑपरेटर खाली येऊन पडद्यासमोर उभा राहायचा आणि उरलेली गोष्ट सांगायचा, दर वेळी निराळी. एरवी त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तिथे मात्र रंगात यायचा. मी तिकीट खिडकी बंद करून मागे उभी राहून ऐकायची. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी बुधवारचे कपडे मी मंगळवारीच इस्त्री करून ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी कोठीची खोली आवरताना 'जाहिराती' असं लिहिलेल्या डब्यात मला सहावं रीळ सापडलं. उजेडात धरून पाहिलं, तर तीच बाई, तेच दार. मी झाकण लावलं आणि गप्प बसले. ते लागलं असतं तर तो खाली कशाला आला असता?

आता थिएटर बंद होत होतं. सिनेमे संग्रहालयात जाणार होते, जाहिराती भंगारात. मालकांनी तो डबा भंगाराच्या ढिगावर टाकला. ऑपरेटर मघापासून त्या ढिगापाशीच घुटमळत होता. गप्प राहिले तर माझी अब्रू वाचत होती, पण त्या दोघांचा शेवट कायमचा जात होता.

"तो टाकू नका, त्यात सहावं रीळ आहे," मी म्हणाले. मग ऑपरेटरकडे वळले. "मला दोन वर्षांपासून माहितीये. तू गोष्ट सांगायचं थांबवशील म्हणून बोलले नाही."

मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चहा प्यायला निघून गेले.

"डब्यावरचं अक्षर बघ," ऑपरेटर म्हणाला. "माझंच आहे. दहा वर्षांपूर्वीचं."

"पण का?"

"तू खिडकी बंद करून यायचीस ना."

वर जाऊन सहावं रीळ लावून तो खाली आला आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसला. खरा शेवट बेताचाच निघाला. तुझे सगळेच बरे होते, असं मी त्याला सांगितलं. पडदा पांढरा झाला तरी आम्ही उठलो नाही.